आईने टाकलेली इस्टेट

अमेरिकेत माणसाला त्याचा पगार विचारणं असभ्य समजतात, मत कुणाला दिलं हे विचारणं त्याहून. पण तो जुन्या कार्डांचा की नव्या कार्डांचा, हे बेधडक विचारता येतं आणि तेवढ्यावर हवं तेवढं भांडताही येतं. कार्ड म्हणजे आपल्या खेळण्याच्या पत्त्याएवढा पुठ्ठा. पुढे बेसबॉल किंवा बास्केटबॉल खेळणाऱ्याचा फोटो, मागे त्याची आकडेवारी. हे पुठ्ठे एके काळी सिगारेटच्या पाकिटातून मिळायचे, पुढे बबलगमबरोबर मिळू लागले. आता त्यांतले काही लिलावात मिळतात आणि ते घ्यायचे तर आधी घर विकावं लागतं.

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारा माझा भाचा नव्या कार्डांचा. त्याच्या कुंपणापलीकडचे निवृत्त गृहस्थ जुन्यांचे. हिवाळ्यात दोघे एकमेकांच्या दारातला बर्फ उपसतात, सुट्टीवर जाताना घराच्या किल्ल्या एकमेकांकडे देतात. पण कुठल्या कार्डाची किंमत टिकते हा विषय निघाला की दोघांत विस्तव जात नाही. मी तिकडे गेलो की मला पंच नेमतात. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, ही माझी पात्रता. आपल्याकडे क्रिकेट मंडळांवर माणसं नेमताना हीच अट पाहत असावेत.

शेजारच्या आजोबांचा हुकमाचा एक्का म्हणजे १९५२ साली टॉप्स कंपनीने काढलेलं मिकी मँटल या बेसबॉलवाल्याचं ३११ नंबरचं कार्ड. त्याची एक देखणी प्रत १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला विकली गेली होती. तीच प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. आपले तेव्हाचे शंभर कोटी रुपये! एका पुठ्ठ्याला! आकडा सांगताना आजोबांचा आवाज भरून येतो, जणू पैसे त्यांच्याच खात्यात जमा झालेत.

गंमत अशी की हे मँटलचं पहिलं कार्ड नव्हे. पहिलं आधीच्या वर्षी बोमन कंपनीने काढलं होतं. त्या संचातलं ते सर्वांत दुर्मीळ कार्डही नव्हे, कारण छपाईच्या कागदावर मँटल दोन-दोनदा छापलेला होता. मग एवढा भाव का? तर त्या संचाचा शेवटचा भाग बाजारात आला तोवर बेसबॉलचा हंगाम सरत आला होता आणि पोरं फुटबॉलकडे वळली होती. माल पडून राहिला. टॉप्सचे साय बर्जर, ज्यांनी ही कार्डं ब्रुकलिनमध्ये आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखली होती, ते तो माल जत्रांतून कवडीमोलाने विकू पाहत होते. तिथेही कुणी घेईना. शेवटी १९६० साली गोदाम रिकामं करायचं म्हणून उरलेल्या पेट्या कचऱ्याच्या तराफ्यावर चढवल्या आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर अटलांटिकमध्ये सोडून दिल्या. ही हकीकत बर्जर यांनीच पुढे सांगितली.

आम्ही जर्सीच्या चौपाटीवर गेलो तेव्हा बाकीची मंडळी सूर्यास्त बघत होती आणि भाचा आणि आजोबा खांद्याला खांदा लावून नुसतं पाणी बघत होते. त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलं ते तेवढंच.

जे समुद्रात गेलं नाही ते आयांनी फेकलं. ही अमेरिकेची राष्ट्रीय कैफियत आहे. पन्नासच्या दशकातली पोरं कार्डं सायकलच्या तारांत अडकवायची, म्हणजे चाक फिरताना मोटारसायकलसारखा फटफट आवाज येतो. रबरबँड लावून खिशात कोंबायची, भिंतीवर आपटून जिंकायची-हरायची. पुढे पोरगा कॉलेजात नाहीतर सैन्यात गेला की आई खोली आवरायला घ्यायची आणि पलंगाखालचा बुटाचा खोका थेट कचऱ्यात. तिकडच्या कुठल्याही सत्तरीतल्या गृहस्थाला जरा बोलतं करा, दुसऱ्या वाक्याला तो सांगेल की आईने माझं मँटल टाकलं नसतं तर आज मी फ्लोरिडात बंगला बांधला असता. सगळ्यांच्याच खोक्यात मँटल होता. एकाच्याही खोक्यात राखीव खेळाडू नव्हता.

पण त्या माउल्यांनी खोके फेकले म्हणून तर उरलेल्यांना भाव आला! जुन्या कार्डांची सगळी अर्थव्यवस्था टापटिपीच्या बायकांनी उभी केलेली आहे आणि एकीलाही त्यातलं कमिशन मिळालं नाही. पुढे पोरं मोठी झाली, वकील-डॉक्टर झाली, हातात पैसा खुळखुळू लागला आणि ऐंशीच्या दशकात त्यांना आपलं बालपण परत विकत घ्यावंसं वाटलं. तेव्हा कळलं की माल संपला आहे.

आई लागतेच, पण नुसती आई पुरत नाही. माझ्या ताईने, म्हणजे भाच्याच्या आईने, ठाण्याचं घर बदलताना त्याचे ‘बिग फन’ बबलगमबरोबर मिळणारे क्रिकेटवाल्यांचे फोटो असेच टाकले होते. त्या फोटोंवर रन नाहीतर विकेट छापलेल्या असायच्या आणि त्या जमवण्यासाठी भाच्याने आपले सगळे दुधाचे दात किडवून घेतले होते. “आज ते असते ना मामा,” तो अजून म्हणतो. असते तर काय? मुंग्या लागलेले, गमचा वास मारणारे, पाठीवर डिंकाचे डाग पडलेले फोटो असते. गावसकरचा फोटो हातून गेला म्हणून आपण हळहळू, पण त्यासाठी घर गहाण टाकणार नाही. त्याला अमेरिकेसारखा वेडा आणि वर श्रीमंत असा बाप्या लागतो. आपल्याकडे वेडे भरपूर आहेत, श्रीमंत वेडे मात्र प्लॉट घेतात.

ऐंशीच्या दशकात जुन्या कार्डांचे भाव पेपरात छापून येऊ लागले आणि अख्ख्या देशाला शहाणपण आलं. १९८१ पासून टॉप्सची मक्तेदारी मोडून फ्लीअर आणि डॉनरस मैदानात उतरल्या होत्या. १९८९ मध्ये अपर डेक आली, चकचकीत कागद आणि होलोग्रॅम घेऊन. तिचं पहिल्या नंबरचं कार्ड होतं केन ग्रिफी ज्युनिअरचं. बापांनी पोरांच्या कॉलेजच्या फीची तरतूद म्हणून पेट्याच्या पेट्या घेऊन तळघरात रचल्या. सायकलला कुणी लावलं नाही, भिंतीवर कुणी आपटलं नाही. आयांना तर तळघराच्या जिन्यावरसुद्धा पाय ठेवू दिला नाही. कंपन्यांनीही मागेल त्याला छापून दिलं.

परिणाम असा की त्या काळातली कार्डं आज जशीच्या तशी, कोरी करकरीत, लाखोंनी शिल्लक आहेत आणि कुणालाही नको आहेत. ग्रिफी खरोखरच थोर खेळाडू निघाला, पण त्याच्या त्या कार्डाच्या निर्दोष प्रतीसुद्धा हजारोंनी निघाल्या. १९९४ मध्ये खेळाडूंनी संप केला, बेसबॉलची अंतिम लढत म्हणजे वर्ल्ड सिरीज रद्द झाली आणि फुगा फुटला. या सगळ्या कालखंडाला तिकडचे लोक कचऱ्याचाच काळ म्हणतात. कॉलेजची फी शेवटी कर्ज काढूनच भरली गेली आणि ती पोरं कर्ज फेडता फेडता बापाच्या तळघरातल्या पेट्यांकडे कशा नजरेने बघत असतील, हे लिहायची गरज नाही.

त्या काळातलं एकच कार्ड मला मनापासून आवडलं. १९८९ सालच्या फ्लीअरच्या संचात बिली रिपकेन नावाचा खेळाडू बॅट खांद्यावर घेऊन सोज्वळपणे उभा आहे आणि बॅटच्या मुठीच्या टोकावर ठसठशीत अक्षरांत एक अस्सल शिवी लिहिली आहे. छापून बाजारात जाईपर्यंत कंपनीत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग घाबरून कुठे त्यावर रेघोट्या मार, कुठे पांढरा ठिपका लाव, कुठे काळा चौकोन छाप असं केलं, तर लोक ते सगळे प्रकारसुद्धा जमवायला लागले. शुद्धलेखन आणि सभ्यता यांना कार्डांच्या बाजारात किंमत नाही.

आता माझा भाचा ज्या नव्या कार्डांच्या नादी लागला आहे, ती कंपन्यांनी या अनुभवातून शहाणं होऊन काढलेली आहेत. आया काही टाकत नाहीत ना, मग टंचाई आम्हीच छापतो! एकाच फोटोचं साधं कार्ड, मग निळ्या काठाचं, सोनेरी काठाचं, लाल काठाचं, तिरपं धरलं की इंद्रधनुष्य दिसणारं. मागे नंबर घातलेला असतो, ९९ पैकी १७, २५ पैकी ४ असा. सगळ्यात वर एकुलतं एक, एकापैकी एक. देशी दुकानांतून ‘मर्यादित साठा’ अशी पाटी वर्षभर लटकलेली मी पाहिली आहे. यांनी तीच पाटी मालावरच छापली.

तेवढ्यावर भागेना, तेव्हा खेळाडूंचे कपडे कापायला घेतले. २००३ मध्ये डॉनरसने बेसबॉलवाल्या बेब रूथचा १९२५ सालचा खराखुरा अंगरखा अडीच लाखांवर डॉलर मोजून लिलावात घेतला आणि त्याचे बारीक बारीक तुकडे करून कार्डांत चिकटवले. आजीची पैठणी फाडून हातरुमाल करण्याचा हा प्रकार. जुने संग्राहक हळहळले, आणि मग त्यांतल्याच कित्येकांनी तो तुकडा मिळतो का बघायला पाकिटं फोडली.

पाकीट फोडण्याचा विधी बघण्यासारखा असतो. भाचा आधी हात धुतो, कोरडे करतो, मग पुन्हा कोरडे करतो. टेबलावर काळं मखमली कापड. पाकीट कात्रीने नाही, बोटांनी, वरच्या शिवणीवरून अलगद उघडायचं. साधी कार्डं भराभर बाजूला. त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही, मग भलेही त्यांवर जिवंत माणसाचा हसरा चेहरा असो. एखाद्या कार्डाची कड जरा जाड लागली की श्वास रोखायचा, कारण जाड म्हणजे आत कापड आहे. कार्ड निघालं की लगेच पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कडक प्लास्टिकच्या खोळीत, खोळ डब्यात. माणसाचा हात कार्डाला लागतो तो एकूण चार सेकंद. पाकिटात आता गमही नसतो. गमचा डाग पडतो अशी तक्रार झाली म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच टॉप्सने तो बंद केला. ज्या खाऊबरोबर कार्ड फुकट मिळायचं, तो खाऊच कार्डाच्या आरोग्याला अपायकारक ठरला.

मग कार्ड परीक्षेला जातं. पीएसए नावाची कंपनी आहे, तिच्यासारख्या आणखीही आहेत. तिथे तज्ज्ञ भिंग लावून चार कोपरे, चार कडा, पृष्ठभाग आणि फोटो बरोबर मध्ये आला आहे का हे तपासतात, दहापैकी मार्क देतात आणि कार्ड पुन्हा न उघडता येईल अशा पेटीत बंद करून परत पाठवतात. दहा आणि नऊ यांच्या किमतीत कधी कधी मोटारगाडीएवढा फरक पडतो. एकदा ताई तिकडे असताना भाच्याचं एक कार्ड नऊ मार्क घेऊन आलं. तो तोंड पाडून बसला होता. ताईने चष्मा लावून लेबल वाचलं आणि विचारलं, “नऊ? मग एक कुठे गेला?” भाच्याने शाळेत असताना हेच ऐकलं होतं, पण त्या वेळी परीक्षेला निदान तो स्वतः बसला होता.

या परीक्षकांवर आजोबांचा काडीचा विश्वास नाही आणि त्याला आधार आहे. जुन्या कार्डांचा सम्राट म्हणजे होनस वॅग्नर, पिट्सबर्ग पायरट्सचा खेळाडू. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून काढलेल्या संचात तो होता, पण त्याने आपलं चित्र छापायला हरकत घेतली. पोरांना तंबाखूची चटक लागू नये म्हणून असं काहीजण म्हणतात. काहीजण म्हणतात की पैसे मिळाले नाहीत म्हणून. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळायचा, त्यामुळे माझं मत दुसऱ्या पक्षाला. छपाई थांबली आणि आज पन्नास-साठच प्रती माहीत आहेत. त्यांतली एक २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेली. त्यांतली सर्वांत देखणी म्हणून गाजलेली प्रत आइस हॉकीवाल्या वेन ग्रेट्स्कीने १९९१ मध्ये भागीदारीत साडेचार लाख डॉलरला घेतली होती. पीएसएने आयुष्यात तपासलेलं पहिलं कार्ड ते हेच. मार्क मिळाले आठ. पुढे २०१३ मध्ये ते पूर्वी विकणाऱ्या व्यापाऱ्याने न्यायालयात कबूल केलं की आपण त्याच्या कडा कापून सरळ केल्या होत्या. म्हणजे पहिल्याच पेपरात कॉपी, आणि पहिल्या श्रेणीत पास.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही एक वॅग्नर आहे. जेफरसन बर्डिक नावाच्या संधिवाताने हात आखडलेल्या गृहस्थाने आयुष्यभर असली कार्डं जमवली, त्यांची यादी केली, त्यांना क्रमांक दिले आणि तीस हजारांवर बेसबॉल कार्डांसह सगळा संग्रह संग्रहालयाला देऊन टाकला. संग्रह नीट लावून देण्यासाठी तो वर्षानुवर्षं तिथे येऊन बसायचा. काम १९६३ च्या जानेवारीत संपलं आणि दोन महिन्यांनी तो वारला. या साऱ्या गोतावळ्यात किंमत टिकेल का हा प्रश्न न पडलेला मला भेटलेला हा एकच माणूस, तोही पुस्तकात.

नव्यांच्या बाजूने बोलायचं तर २०२० आणि २०२१ ही वर्षं त्यांची. टाळेबंदी, घरात बसलेले लोक, सरकारकडून आलेले चेक आणि बास्केटबॉलवाल्या मायकल जॉर्डनवरची माहितीपटांची मालिका. सगळे तळघरात धावले. पीएसएकडे इतकी कार्डं तुंबली की मार्च २०२१ मध्ये त्यांनी बहुतेक नवी कार्डं घेणंच बंद केलं. विस्कॉन्सिनमध्ये टार्गेट नावाच्या कंपनीच्या दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी होऊन पिस्तूल निघालं, तेव्हा त्या कंपनीने आपल्या दुकानांतून कार्डं विकणं काही काळ थांबवलं. जॉर्डनचं १९८६ सालचं फ्लीअरचं कार्ड, दहापैकी दहा मार्कांचं, त्याच वर्षीच्या जानेवारीत ७ लाख ३८ हजार डॉलरला विकलं गेलं. आणि एका नाही, दोन प्रती त्याच भावाला, त्याच लिलावात. मग कुणीतरी शांतपणे मोजलं की दहा मार्कांच्या अशा प्रती तीनशेच्या वर आहेत. वर्षभरात भाव दोन लाखांच्या आसपास आला.

आजोबांचा मुख्य मुद्दा मात्र भावाचा नाही, गुडघ्याचा आहे. माइक ट्राउट नावाच्या गुणी खेळाडूचं सहीचं एकुलतं एक कार्ड ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख डॉलरवर गेलं. तेव्हाचा तो विक्रम होता. पुढच्याच वर्षी ट्राउटची पोटरी दुखावली, मग हाताचं हाड मोडलं, २०२४ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. खेळाडूच्या गुडघ्यात पाणी झालं की संग्राहकाच्या तोंडचं पाणी पळतं. भाचा रात्री झोपण्यापूर्वी देवाला हात जोडतो तेव्हा घरच्यांच्या आधी काही पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, कोपरांसाठी प्रार्थना करतो, असं भाचेसून सांगते. “मिकी मँटलला आता काही होणार नाही,” आजोबा समाधानाने म्हणतात. “तो गचकला १९९५ मध्ये. वॅग्नर तर त्याच्याही आधी. माझी सगळी गुंतवणूक सुखरूप दफन केलेली आहे.”

तरी नव्यात चमत्कार होतात. बेसबॉलमध्ये २०२३ पासून प्रत्येक नवख्या खेळाडूच्या बाहीवर पहिल्या सामन्यात एक खास बिल्ला लावतात. सामना झाला की तो काढून त्याचं एकच कार्ड करतात. पॉल स्कीन्सचं असं कार्ड लॉस एंजेलिसकडच्या ११ वर्षांच्या मुलाला पाकिटात मिळालं. स्कीन्स खेळतो पिट्सबर्गकडून, वॅग्नरच्याच संघाकडून. क्लबने मुलाला देऊ केलं की कार्ड आम्हाला दे, होम प्लेटच्या, म्हणजे बॅटवाला उभा राहतो त्या जागेच्या, मागच्या दोन जागांची तीस वर्षांची तिकिटं घे, वर आणखी बरंच काही. तीस वर्षं पायरट्सचे सामने बघायचे, ही कल्पना त्या कोवळ्या जिवाला झेपली नसावी. त्याने कार्ड लिलावात काढलं आणि मार्च २०२५ मध्ये त्याचे ११ लाख १० हजारांच्या घरात डॉलर आले. हे ऐकल्यापासून भाच्याने पाकिटं दुप्पट आणायला सुरुवात केली.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तर त्याने कुंपणाशी पेढेच वाटले. जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघा बास्केटबॉलवाल्यांच्या सह्या आणि जर्सीवरचे बिल्ले असलेलं २००७-०८ सालचं एकुलतं एक कार्ड १ कोटी २९ लाख डॉलरला गेलं. मँटलचा विक्रम मोडला! पंच म्हणून मला दोघांच्या मध्ये उभं करण्यात आलं. आजोबांनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाले, “एक रिटायर झालाय, दुसरा देवाघरी गेलाय. दोघांचं आता काही व्हायचं राहिलेलं नाही. ते नवं कसलं? ते आमच्यातच आलं.” भाच्याला उत्तर सुचेना. मला आजोबांचं म्हणणं पटलं आणि मी तसा निकाल दिला, तर भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही आणि आजोबा नको इतके बोलत राहिले. निकालातला पुढचा भाग त्यांनीही ऐकून घेतला नाही. मी म्हणत होतो की आजोबांच्या कपाटातली पन्नासच्या दशकातली बाकीची कार्डं, ती दुमडलेली, कोपरे झिजलेली, नावही न आठवणाऱ्या खेळाडूंची, कुणी एकेक पाच-दहा डॉलरला घेतलं तरी नशीब.

मात्र हल्लीच भाच्याच्या घरात मोठा हलकल्लोळ झाला. त्याच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी बापाची आंघोळ चालू असताना डबा उघडला आणि २५ पैकी ४ नंबरच्या एका पिचरला काळ्या मार्करने भरघोस मिशा, शिवाय कपाळावर गंध काढलं. भाचा टॉवेलवरच ओरडत बाहेर आला. आजोबा आवाज ऐकून कुंपणाशी आले, त्यांनी कार्ड उन्हात धरून नीट निरखलं आणि खिशातून वीस डॉलरची नोट काढली. भाचा देईना. तासाभराने ते पन्नासवर गेले. शेवटचं ऐकलं तेव्हा ताई व्हिडिओ कॉलवर नातवाला सांगत होती की शंभराच्या खाली सोडायचं नाही, आणि सोडण्याआधी मागे सही कर.